गणितात २१ गुण आणि अडलेली दहावी

एका आईने विचारलं आहे. मुलाला दहावीत मराठीत ७४, सामाजिक शास्त्रांत ६८, विज्ञानात ४९. सगळे विषय निघाले, फक्त गणितात २१ गुण. वर्गशिक्षकांनी सांगितलं की त्यातले १६ शाळेने दिलेले अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत, म्हणजे लेखीत ८० पैकी ५. मुलगा घरात कुणाशी बोलत नाही. वडील म्हणतात एटीकेटीवर अकरावीला टाकू, मामा म्हणतात आयटीआयला घाला. शेवटी त्यांनी लिहिलंय: ‘बाकी सगळ्यात पास झालेल्या पोराची दहावी एका विषयासाठी अडवणं बरोबर आहे का? बोर्डाची परीक्षा पास व्हायची ही अटच काढून टाकायला नको का?’

ताई, मी ३१ वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं. त्यातली बरीच वर्षं बोर्डाचे पेपर तपासले, पुढे नियामक म्हणून इतरांनी तपासलेले पेपरही पाहिले. तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एक तुमच्या मुलाचा, त्याचं उत्तर येत्या दोन महिन्यांत हवं. दुसरा नियमाचा. तो तुम्ही रागाने विचारलाय, पण अगदी योग्य विचारलाय, म्हणून त्याचंही उत्तर नीट द्यायला हवं. माझ्या मते दोन्हींचं मूळ एकच आहे, आणि ते दहावीत नाही.

आधी ते ५ गुण बघू. गणिताचे दोन पेपर, भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती, प्रत्येकी ४० गुणांचे. शाळेतून आलेल्या २० मध्ये हे ८० मिळवून १०० पैकी ३५ झाले की विषय निघतो. शाळेने १६ दिले असतील तर लेखीत १९ पुरले असते. ८० पैकी १९. ही अट फार उंच नाही. ती ओलांडता न येणारं मूल आळशी असतं किंवा मंद असतं, असं मी एकदाही पाहिलं नाही. नियामक असताना अशा उत्तरपत्रिका मी मुद्दाम शेवटच्या पानापर्यंत वाचायचो. एक अजून डोळ्यांसमोर आहे. दोन चलांतील समीकरणाचं उदाहरण, मांडणी बरोबर, क्ष काढायची पायरीही बरोबर. आणि मग दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश बरोबर तीन सप्तमांश! अंशात अंश मिळवला, छेदात छेद. तिथून पुढचं सगळं पान वाया. त्या मुलाला दहावीचं समीकरण येत होतं. त्याला न आलेली गोष्ट पाचवीतली होती, आणि सहावी ते दहावी पाच वर्षं ती कुणाच्या लक्षात आली नव्हती.

हे का होतं, त्याला एक कारण आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यानुसार आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवायचं नाही. हेतू चांगला होता आणि आजही मला तो मान्य आहे, कारण सातवीत नापास झालेली मुलगी घरी बसली की परत शाळेत येत नसे, हे आम्ही पाहिलंय. पण त्याच कायद्यात सतत आणि सर्वंकष मूल्यमापनही होतं. मूल कुठे अडलंय ते दर महिन्याला बघायचं आणि तिथेच सोडवायचं. बहुतेक ठिकाणी पहिला भाग अमलात आला आणि दुसऱ्याच्या नावाने नोंदवह्या भरल्या गेल्या. २०१९ मध्ये कायदा बदलला, महाराष्ट्राने २०२३ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली. तुमचा मुलगा मधल्या वर्षांत शिकला. त्याच्या ज्ञानाची तटस्थ माणसाने केलेली पहिली तपासणी दहावीत झाली.

आता नियमाकडे येतो. दहावीचं प्रमाणपत्र दोन अगदी वेगळी कामं करतं, आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. पहिलं काम, या मुलाची शाळा पुरी झाली, त्याला किमान इतकं येतं, असं सांगणं. दुसरं काम, पुढच्या जागांसाठी मुलांची रांग लावणं. पहिल्या कामासाठी हो किंवा नाही इतकं पुरतं. दुसऱ्याला दशांश टक्केही लागतात. आपण दोन्ही कामं एकाच पेपरकडून, एकाच मार्च महिन्यात करून घेतो.

यातलं एक काढलं तर काय होतं, याचा अनुभव आपल्याला २०२१ मध्ये आला. करोनामुळे परीक्षा रद्द झाली. नववीच्या निकालाला ५० टक्के, दहावीच्या वर्षातल्या मूल्यमापनाला ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाला २० टक्के भार देऊन निकाल लावला. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के. म्हणजे पास व्हायची अट त्या वर्षी जवळपास नव्हतीच. लगेच प्रश्न उभा राहिला, मग चांगल्या कॉलेजात अकरावीला कुणाला घ्यायचं? त्यासाठी वेगळी सीईटी जाहीर झाली आणि ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. मला त्यातून एवढं कळलं की चाळणी एका दारातून बाहेर काढली की ती दुसऱ्या दाराने आत येते, आणि दुसऱ्या दाराशी क्लासवाले आधीच उभे असतात. ऐपत असलेल्यांना त्याचा त्रास होत नाही. तुमच्यामाझ्यासारख्यांच्या मुलांना होतो.

अंतर्गत गुणांचंही सांगतो, कारण अट काढा म्हणणारे बहुतेक जण म्हणतात की शाळेलाच ठरवू द्या. २०१८ चा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण बंद झाले, १०० ची लेखी आली, निकाल ७७.१० वर उतरला. पुढच्या वर्षी ते गुण परत दिले, निकाल ९५.३० टक्के. हे सगळं एकट्या २० गुणांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. २०१९ ला अभ्यासक्रमही नवा होता आणि २०२० मध्ये टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर झाला नव्हता. पण शिक्षक म्हणून मला माहीत आहे, त्या २० पैकी १७-१८ देणं ही आमची सवय झाली होती. मीही दिले आहेत. समोर बसलेलं पोर, त्याची शेतमजुरी करणारी आई, ‘सर, तेवढं बघा’ म्हणणारे मुख्याध्यापक. मी कुणाला दोष देत नाही. ज्याने मुलाला वर्षभर शिकवलं त्याच्याच हातात पास-नापासाचा शिक्का दिला की तो शिक्का नरम होणारच, एवढंच सांगतो.

बाहेरचं एक उदाहरण तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचं आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २००३ पासून शाळेचा डिप्लोमा मिळायला राज्याची परीक्षा पास होणं बंधनकारक होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनीच ती अट काढली. परीक्षा मात्र बंद झाली नाही. मुलं ती अजूनही देतात, पण तिच्यासाठी डिप्लोमा अडत नाही, तो शाळेतल्या अभ्यासक्रमावर मिळतो. वाचून मलाही मोह झाला. पण तिथे चार वर्षांच्या प्रत्येक विषयाची श्रेणी नोंदवलेली असते आणि पुढची कॉलेजं ती बघतात. आपल्याकडे शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पुढे कोण विश्वास ठेवतो? उद्या बोर्डाची अट गेली तर मोठ्या शहरातल्या नामांकित शाळेचा दाखला चालेल, आणि आश्रमशाळेतल्या किंवा वाडीवरच्या शाळेतल्या मुलीचा दाखला हातात धरून लोक विचारतील, ‘ही कुठली शाळा?’ त्या मुलीच्या हातातली बोर्डाची गुणपत्रिका आज कुणी नाकारू शकत नाही. तिचा पेपर कुणा अनोळखी माणसाने, बारकोडमागे तिचं नाव झाकलेलं असताना तपासलेला असतो. एवढ्या एका गोष्टीसाठी मी ही परीक्षा ठेवावी या बाजूचा आहे, आणि ठामपणे आहे.

पण ती आज जशी अडवते तशी अडवू नये, हेही तितकंच ठामपणे म्हणतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता, वडील वाळू-खडीची वाहतूक करायचे. महत्त्वमापनाच्या चाचणीत शून्य. एकदा शाळेच्या कुंपणाच्या कामाला वाळूची ट्रॉली आली. आम्ही बघत उभे असताना तो ट्रॉलीवर चढला, टाचेने उंची बघितली आणि म्हणाला, ‘सर, दहा बाय सहा, दोन फूट भरलीय. सव्वा ब्रास सांगतोय तो, सव्वाला कमी आहे.’ शंभर घनफुटांचा एक ब्रास. ट्रॉलीत एकशेवीस घनफूट, म्हणजे १.२ ब्रास. बरोबर होतं. त्याला घनफळ येत होतं. शंकूछेदाचं सूत्र येत नव्हतं, आणि ते त्याला जन्मात लागलं नसतं. त्या मुलाला ‘गणित येत नाही’ असं लिहून देणारी परीक्षा चुकीचं मोजत होती.

अशा मुलांसाठी आपल्याकडे सोय होती. बीजगणित-भूमितीऐवजी सामान्य गणित घेता यायचं. २०१८-१९ ला नवा अभ्यासक्रम आला आणि सर्वसाधारण मुलांसाठी तो पर्याय गेला. त्याच सुमारास, २०२० च्या परीक्षेपासून, सीबीएसईने दहावीला गणिताचे दोन पेपर ठेवले, स्टँडर्ड आणि बेसिक. म्हणजे त्यांनी दार उघडलं तेव्हा आपण बंद करून बसलो होतो. मला विचाराल तर ते दार परत उघडावं. टक्केवारी, व्याज, क्षेत्रफळ-घनफळ, तक्ते वाचणं, अपूर्णांक एवढ्याचा पेपर घ्यावा, आणि तोही बोर्डानेच घ्यावा, बोर्डानेच तपासावा.

२०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात वेगळी वाट सुचवली होती. गणित-विज्ञानात ३५ च्या खाली पण २० किंवा त्याहून जास्त गुण असतील तर, पुढे ते विषय घेता येणार नाहीत असा शेरा मारून मुलाला पुढे जाऊ द्यावं. तुमच्या मुलाचे २१ त्यात बरोबर बसले असते. तरी मला ती वाट पटत नाही, आणि कारण तुमच्याच घरात आहे. त्या २१ मधले १६ शाळेने दिलेले आहेत. लेखीत ५ मिळवणाऱ्याला ‘चालेल’ म्हणून पुढे ढकलायचं, तर पाचवीपासून आपण तेच केलंय. त्याला जमेल असा पेपर द्या आणि त्यात खरोखर पास होऊ द्या.

निकालाच्या टक्केवारीचा आणखी एक परिणाम कुठे छापून येत नाही. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून काही शाळा कच्च्या मुलांना नववीतच अडवतात, किंवा पालकांना बोलावून ‘१७ नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा’ म्हणून सांगतात. आठवीपर्यंतचं संरक्षण नववीत संपलेलं असतं. मी ज्या शाळांत काम केलं त्यांतल्या एकीत हे दरवर्षी व्हायचं, आणि त्या बैठकीत मी दोन वर्षं गप्प बसलो याची मला आजही खंत आहे. तुमच्या शाळेने तुमच्या मुलाला परीक्षेला बसवलं, ते चांगलं केलं.

नियमाबद्दल मला एवढंच सांगायचं होतं: पेपर बोर्डाचाच राहावा, गणित दोन पातळ्यांचं व्हावं, आणि तपासणी पाचवीपासून खरी व्हावी. यातलं काहीही जुलैच्या आत होणार नाही. तेव्हा मुलाकडे वळू.

त्याची दहावी अडली असं तुम्ही म्हणता, पण खरं तर गणित अडलंय. बाकीचे विषय निघालेत, ते पुन्हा द्यायचे नाहीत, त्यांची सूट मिळते. हे त्याला आजच सांगा. कित्येक मुलांना वाटतं की सगळं पहिल्यापासून करायचंय, आणि तिथेच ती खचतात. पूर्वी नापास मुलाला ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागायचं आणि वर्ष हातचं जायचं. २०१५ पासून लगेच जून-जुलैत पुरवणी परीक्षा होते आणि त्यात निघालेला मुलगा त्याच वर्षी अकरावीला बसतो. फॉर्म शाळेतूनच भरायचा. भरताना अंतर्गतचे १६ गुण तसेच धरतात की पुन्हा काही द्यावं लागेल, ते कारकुनांना स्पष्ट विचारून घ्या.

एटीकेटी की आयटीआय, हे मात्र मुलावर अवलंबून आहे आणि त्याच्याशी बोलल्याशिवाय मी सांगू शकत नाही. एक-दोन विषय राहिलेल्याला एटीकेटीवर अकरावीला तात्पुरता प्रवेश मिळतो, पण बारावीत जायच्या आधी तो विषय काढावाच लागतो. त्याला कला शाखेत जायचं असेल, मराठीतले ७४ बघता ते शक्य आहे, तर एटीकेटी वाईट नाही. फक्त अकरावीचा नवा अभ्यास सुरू झाला की जुनं गणित मागे पडतं, हे मी खूपदा पाहिलंय. म्हणून जुलैचा प्रयत्न सोडू नका, एटीकेटी हाताशी असू द्या. आयटीआयमध्ये वेल्डर, वायरमन, सुतारकाम असे काही ट्रेड दहावी नापासालाही मिळतात. इलेक्ट्रिशियन, फिटर यांना मात्र दहावी पास लागते. हात चालत असेल, वायरिंग-मोटर यात रमत असेल, तर मामांचं ऐका. शिक्षा म्हणून मात्र पाठवू नका.

कुठेही गेला तरी गणित काढून ठेवा, असा माझा आग्रह आहे. ग्रामीण डाकसेवकाची भरती दहावीच्या गुणांवर होते आणि त्यात गणित व इंग्रजीत पास असणं लागतं. तंत्रनिकेतनच्या डिप्लोमाला दहावी पास लागते. कामासाठी आखातात जायचं ठरलं तर दहावी पास असलेल्याच्या पासपोर्टवर परदेशगमन तपासणीचा शिक्का नसतो, नापासाच्या असतो, म्हणजे त्याला जाण्याआधी वेगळी सरकारी परवानगी काढावी लागते. पंचवीस वर्षांचे झाल्यावर, दोन मुलांचे बाप झाल्यावर माझ्याकडे गणित शिकायला आलेले लोक आहेत, या एका कागदासाठी.

आता १९ गुणांचं बोलू. त्याला सगळं पुस्तक शिकवायला जाऊ नका, वेळ नाही. ४० गुणांच्या प्रत्येक पेपरात पहिला प्रश्न ८ गुणांचा असतो: चार पर्यायी आणि चार एका-एका गुणाचे. मग प्रश्न २ अ मध्ये ४ आणि ३ अ मध्ये ३ गुण ‘कृती पूर्ण करा’चे असतात. उदाहरण सोडवलेलंच असतं, मधल्या रिकाम्या चौकटी भरायच्या. एका पेपरात १५ झाले, दोन्ही मिळून ३०. यातले दोन तृतीयांश आले तरी विषय निघतो. भाग १ मधलं सांख्यिकी, संभाव्यता आणि अर्थनियोजन घ्या, जीएसटीची उदाहरणं दुकानाच्या बिलावर शिकवता येतात. भाग २ मधल्या भौमितिक रचना घ्या. कंपास-पट्टी नीट चालवता आली की तिथे गुण मिळतात, लिहावं फार लागत नाही. पायथागोरस घ्या. त्रिकोणमिती आणि समरूपतेची प्रमेयं सरळ सोडून द्या.

पण पहिला आठवडा यातलं काहीच करू नका. पहिला आठवडा फक्त अपूर्णांक. पाव, अर्धा, पाऊण, भाकरीचे तुकडे करून, वाटीने तांदूळ मोजून. सोळा वर्षांच्या मुलाला हे बालिश वाटेल, लाज वाटेल. म्हणून लहान भावंडांसमोर नको, आणि वडिलांच्या देखरेखीखालीही नको. तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर बसा आणि तुम्हालाही येत नसलेलं त्याच्याकडून समजून घ्या. दुसऱ्याला समजावताना मूल स्वतः शिकतं, हा माझा सगळ्यात जुना उपाय आहे.

आणि एक काम उद्याच करा. बोर्डाकडे गणिताच्या दोन्ही उत्तरपत्रिकांच्या छायाप्रतीसाठी ऑनलाइन अर्ज करा, मुदत थोडीच असते. गुण वाढतील म्हणून नव्हे. त्याने कोणते प्रश्न कोरे सोडले आणि कोणते लिहून चुकवले, एवढं मला बघायचंय. कोरे सोडले असतील तर तो घाबरला होता, लिहून चुकले असतील तर पाया कच्चा आहे, आणि दोन्हींची तयारी वेगळी करावी लागते. छायाप्रत आली की पहिल्या प्रश्नात त्याने काय लिहिलंय ते मला जसंच्या तसं कळवा. त्यावरून पुढच्या सहा आठवड्यांचं रोजचं काम लिहून देतो.